शेतकऱ्याचा खटक्याचा चाकू : घडण, पारख व बाळगण्याची रीत

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील हट्टा व आसपासच्या गावांची जमीन बहुतांशी काळी व भारी आहे. जेथे पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याचे अथवा विहिरीचे पाणी मिळते तेथे हळद, ऊस व केळी होते. कोरडवाहू रानात सोयाबीन, कापूस, तूर व ज्वारी असते. या पिकांच्या कामी विळा, खुरपे व कोयता ही मुख्य हत्यारे होत. परंतु त्यांखेरीज एक लहानसे हत्यार शेतकऱ्याला दिवसातून अनेकदा लागते. सुतळी तोडणे, खताच्या पिशवीचे तोंड उसवणे, ठिबकची नळी सरळ कापणे, केळीच्या वाळल्या पानाचा देठ काढणे, हळदीचा गड्डा चिरून आत कूज शिरली आहे की काय ते पाहणे, प्रसंगी जनावराच्या गळ्याला फास बसलेला कासरा झटकन तोडणे, अशा कामांसाठी विळा काढण्यात अर्थ नसतो. त्यासाठी खिशात घडीचा चाकू असतो.

हा चाकू बहुधा आठवडी बाजारातून, रंग व चकाकी पाहून, घाईने घेतला जातो. बैल घेताना दात पाहणारा शेतकरी चाकू घेताना त्याचा सांधा पाहत नाही, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे. कारण घडीच्या चाकूने होणाऱ्या वाईट जखमा बहुधा धारेच्या दोषाने होत नाहीत. पाते अकस्मात मिटते आणि ते मूठ धरलेल्या बोटांवरच मिटते. ते मिटू नये म्हणून मुठीत जी अडक बसविलेली असते तिलाच बोलीत खटका म्हणतात. या लेखात मुख्यतः त्या खटक्याचा विचार केला आहे.

पाते केव्हा व का मिटते

पात्याची धार खाली दाबून एखादी वस्तू कापताना पाते उघडण्याच्या दिशेनेच रेटले जाते व ते मुठीतील अडणीवर टेकून राहते. या वेळी खटका नसला तरी धोका थोडा. धोका उत्पन्न होतो तो निराळ्या प्रसंगी. ओल्या लाकडात अथवा जाड नळीत रुतलेले पाते उपसताना, टोकाने भोक पाडताना, पात्याच्या पाठीवर दाब आल्यास, किंवा पाते एखाद्या फटीत घालून पिळल्यास ते मिटण्याच्या दिशेने रेटले जाते. अशा वेळी सर्व भार खटक्याच्या एका लहानशा दातावर येतो.

हा भार किती असतो याचा हिशेब सोपा आहे. पाते ज्या रिबिटाभोवती फिरते त्यापासून ८ सेंटिमीटर अंतरावर, म्हणजे टोकाजवळ, पात्याच्या पाठीवर ५ किलोचा दाब पडला व खटक्याचा दात रिबिटापासून ८ मिलिमीटर अंतरावर असला, तर दातावर ५० किलोचा भार येतो. हेच पाते १२ सेंटिमीटर लांब असते तर टोकावरील तेवढ्याच दाबाने दातावर ७५ किलो भार आला असता. मोटेच्या दांडीचा किंवा पहारेचा अनुभव असणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, लांब पात्याचा चाकू अधिक मजबूत दिसला तरी त्याचा सांधा अधिक ताणला जातो. दुसरी, खटक्याचा दात रिबिटापासून जितका दूर तितका सांधा टिकाऊ.

पाते मिटते ते बोटांच्या आतील बाजूवर, पेरांच्या वळ्यांजवळ. तेथे कातडीखाली फारसे मांस नसते. बोट वाकविणाऱ्या कंडरा व स्पर्श जाणणाऱ्या नसा अगदी वरच असतात. जखम दोन बोटे लांबीची दिसते, रक्त लवकर थांबते व माणूस चिंधी बांधून पुन्हा कामास लागतो. महिन्याभराने बोट वळत नाही तेव्हा दवाखाना आठवतो. तुटलेली कंडरा आपोआप जुळत नाही. तिची टोके आत ओढली जातात. ती शस्त्रक्रियेनेच जोडावी लागते व ती पहिल्या काही दिवसांत झाल्यास गुण चांगला येतो. यास्तव पेरावरील जखमेनंतर बोटाचे टोक स्वतंत्रपणे वाकते की नाही आणि टोकाशी स्पर्श कळतो की नाही, हे दोन्ही लगेच पाहावे. यांपैकी एकही नसल्यास त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

खटक्याचे प्रकार

बाजारातील पुष्कळशा स्वस्त चाकूंना मुळी खटका नसतोच. त्यांत एक कमान पात्याच्या टाचेला दाबून धरते व पाते उघडताना ‘टक्’ असा आवाज येतो. टाच म्हणजे मुठीत राहणारा पात्याचा मागील भाग. आवाजामुळे खटका लागला असा समज होतो. परंतु पाठीवर अंगठ्याने थोडा जोर देताच असे पाते मिटते. फळ कापण्यास, सुतळी तोडण्यास असा चाकू चालतो. टोक खुपसण्याच्या व पिळण्याच्या कामी तो वापरू नये.

खऱ्या खटक्याचे तीन प्रकार शेतकऱ्याच्या उपयोगाचे आहेत. पहिला पाठीच्या खटक्याचा. यात मुठीच्या पाठीवर एक आडवी पट्टी असते. तिचा पुढील दात पात्याच्या टाचेवरील खाचेत कमानीच्या जोराने बसतो व पट्टीची मागील बाजू दाबली की सुटतो. हा प्रकार बळकट असतो. मात्र मूठ घट्ट आवळली असता तळहाताने ती पट्टी नकळत दाबली जाऊ नये, म्हणून दाबण्याची जागा मुठीच्या अगदी मागील टोकाशी असावी व किंचित खोलगट असावी.

दुसरा प्रकार बगलेच्या पट्टीचा. मुठीच्या आतील पातळ पोलादी पट्टी एका बाजूने सरकून टाचेमागे उभी राहते. हा चाकू एका हाताने मिटतो हे खरे, पण मिटविताना अंगठा पात्याच्या वाटेवर येतो आणि पाते पिळले असता पातळ पट्टी घसरण्याचा संभव असतो. घाम व चिखल यांनी हात निसरडा झालेल्या माणसाला हा प्रकार फारसा सोयीचा नाही.

तिसरा प्रकार कड्याचा. फ्रान्समधील साव्हॉय या डोंगरी प्रांतात जोसेफ ओपिनेल याने १८९० साली शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा एक साधा घडीचा चाकू तयार केला. १९५५ साली मार्सेल ओपिनेल याने त्याच्या मुठीच्या तोंडाशी फिरते कडे बसविले. या कड्याला एक चीर असते. चीर पात्यासमोर असली की पाते मिटते; कडे फिरविले की चीर बाजूला जाते व पात्याची वाट बंद होते. पुढील सुधारणेत मिटलेले पातेही याच कड्याने बंद करण्याची सोय झाली. या रचनेत लपलेले काही नाही. कडे फिरले की नाही हे डोळ्यांना दिसते व बोटाला कळते. उणीव दोन. कडे आपोआप फिरत नाही, त्यामुळे विसराळू माणसाला त्याचा उपयोग नाही. आणि पावसात लाकडी मूठ फुगून पाते आत घट्ट बसते. दुसऱ्या दोषावर मुठीला जवसाचे तेल वारंवार पाजणे हा उपाय आहे.

काळ्या मातीच्या रानात पाठीचा खटका किंवा कडे यांपैकी एक पसंत करावा. रामपूरचा चाकू चित्रपटांमुळे सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या लांब पात्याचा व कडकड आवाजाचा शेतात काही उपयोग नाही. दाबताच किंवा झटक्याने उघडणारा चाकू खिशातही उघडू शकतो, सबब तो टाळावा. पाते नखाने, त्यासाठी ठेवलेल्या खाचेत धरून, दोन्ही हातांनी उघडावे लागणे हीच चांगली रचना होय.

माती व खटका

या भागात चाकूचा खटका दगा देतो तो बहुतेक मातीमुळे. काळी माती फार बारीक कणांची. ओली असता ती चिकटते व फुगते, वाळली की खड्यासारखी कठीण होते. हळद काढणीच्या वेळी मातीने भरलेल्या हातांनी चाकू दिवसभर उघडला-मिटला जातो व मुठीच्या खोबणीत माती साचते. त्यातच ओल्या गड्ड्याचा पिष्टमय रस मिसळतो. दुपारच्या उन्हात हे मिश्रण वाळले म्हणजे खाचेच्या तळाशी एक कठीण थर बसतो. मग दात खाचेत पूर्ण उतरत नाही, केवळ तिच्या काठावर टेकतो. आवाज मात्र नेहमीसारखाच येतो. पाते हलत नाही, डोळ्यांना फरक दिसत नाही आणि थोडा अधिक जोर येताच दात काठावरून निसटतो. खटका नसलेल्या चाकूशी माणूस जपून वागतो. अर्धवट बसलेल्या खटक्याच्या भरवशावर तो निर्धास्तपणे जोर लावतो. म्हणून असा खटका खटका नसण्याहून अधिक घातक ठरतो.

यावर उपाय घडणीतच करता येतो. मुठीची पाठ किंवा निदान तिचे मागील टोक उघडे असावे, म्हणजे आत गेलेली माती पाण्याच्या धारेने बाहेर पडते. चारी बाजूंनी बंद असलेली, नक्षीची मूठ शोभिवंत दिसते. पण तिच्यात मळ राहतो. खटक्याची पट्टी जागेवर बसली की तिची पाठ मुठीच्या पाठीशी अगदी समपातळीत यावी असे घडवून घ्यावे. असे केल्याने मोठा फायदा होतो. दात अर्धवट बसला तर पट्टी किंचित वर राहते व अंगठा फिरविताच तो उंचवटा कळतो. डोळे व कान फसले तरी अंगठा फसत नाही.

काम संपल्यावर चाकू उघडून पाण्यात खळबळावा, बाभळीच्या किंवा कडुनिंबाच्या बारीक काडीने खाच कोरावी, फडक्याने पुसून उन्हात थोडा वेळ ठेवावा व रिबिटावर तेलाचा एकच थेंब सोडावा. तेल अधिक घातल्यास त्यावर धूळ बसते व उपाय अपाय होतो. संशयित गड्डा चिरला असेल तर पाते स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्यावाचून निरोगी बेण्याला लावू नये.

लोहाराकडून घडवून घेताना

मराठवाड्यात गावचा लोहार व गावोगाव फिरून पाल ठोकणारे घिसाडी कारागीर विळे-खुरपी उत्तम घडवितात. मोटारीच्या कमानीचा जुना पाटा त्यांच्या नेहमीच्या वापरातला असतो व ते पोलाद चाकूच्या पात्यासही योग्य आहे. फक्त वाकलेला किंवा तडा गेलेला पाटा घेऊ नये.

पाते ७ ते ८ सेंटिमीटर लांब व पाठीकडे अडीच ते तीन मिलिमीटर जाड असावे. टोक सुईसारखे नको. पाठ टोकाकडे किंचित उतरती असावी. धारेचा मुठीजवळचा सुमारे एक सेंटिमीटर भाग बोथट ठेवावा व मुठीच्या तोंडाशी खाली लहान उंचवटा ठेवावा, म्हणजे टोचताना हात पुढे घसरून धारेवर जात नाही. मूठ ११ सेंटिमीटरांहून आखूड नसावी. तिला शिसम किंवा पक्की बाभूळ चालते. रिबिट ४ ते ५ मिलिमीटर जाड पोलादाचे असावे व पात्याच्या दोन्ही अंगांना पितळेच्या पातळ चकत्या घालाव्यात. त्यामुळे पाते डुलत नाही व सहज फिरते. रिबिटाऐवजी पेचाचा खिळा बसविता आला तर उत्तम, कारण ढिला झालेला सांधा घरीच आवळता येतो.

पाणी देण्याच्या कामी मात्र विळ्याची रीत जशीच्या तशी चालत नाही. पाते समान तापवून, लोहचुंबक त्याला धरीनासा झाला म्हणजे आणखी थोडा ताव देऊन, कोमट तेलात बुडवावे. पाण्यात बुडविल्यास पातळ पाते चिरण्याची भीती असते. नंतर घासून चकचकीत करून मंद आचेवर नरम करावे. धारेवर गवताळ पिवळा रंग यावा; टाच त्याहून पुढे तपकिरी-जांभळ्या रंगापर्यंत व खटक्याची कमान निळ्या रंगापर्यंत न्यावी. पुष्कळ कारागीर धारेपुरतेच पाणी देतात व टाच कच्ची ठेवतात. विळ्याला टाच कच्ची असली तरी चालते, कारण ती लाकडात ठोकलेली असते. घडीच्या चाकूत टाचेवरच खटक्याची खाच असते. ती कच्ची राहिली तर थोड्याच दिवसांत तिचा काठ गोल होतो व दात सुटू लागतो. तेव्हा टाचेलाही पाणी द्यावयाचे आहे हे कारागिराला आधीच सांगावे.

खाचेची भिंत अगदी उभीही नसावी व फार उतरतीही नसावी. थोडा उतार असला म्हणजे खाच व दात झिजले तरी दात आणखी आत शिरून पाते घट्ट राहते. उतार फार झाला तर भार येताच दात वर ढकलला जातो.

पारख

विकत घेतलेला असो वा घडविलेला, चाकू पुढील रीतीने पाहावा. पाते पूर्ण उघडून टोक दोन बोटांत सपाट बाजूंनी धरावे व डावीकडे-उजवीकडे हलवावे. सांध्यात डगमग जाणवू नये. नंतर मूठ फक्त दोन्ही बगलांनी चिमटीत धरावी, एकही बोट खोबणीसमोर ठेवू नये, आणि पात्याची पाठ मऊ लाकडावर हलके दोन-तीन वेळा आपटावी. पुढे हळूहळू दाब वाढवावा. खटका सुटला तर पाते रिकाम्या जागेत मिटेल. दगडावर किंवा ऐरणीवर जोराने आपटून पाहण्याची हौस करू नये. त्याने चांगला खटकाही बिघडतो. ही पारख घेताना एकदाच करून थांबू नये. हळदीच्या काढणीसारख्या धांदलीच्या दिवसांत ती रोज सकाळी करावी. तिला अर्धे मिनिट पुरते.

चाकू बोथट असणे हाही धोकाच आहे. बोथट धारेला जोर अधिक लागतो व जोर अधिक म्हणजे घसरण्याचा संभव अधिक. कुरुंदाच्या दगडावर पाणी घालून पाते दोन्ही बाजूंनी सारख्या कोनात घासावे.

बाळगण्याची रीत

उघडा चाकू हातात घेऊन चालू नये, बांध ओलांडू नये, झाडावर चढू नये. दुसऱ्यास देताना मिटूनच द्यावा. मिटलेला चाकू बंडीच्या वरच्या खिशात ठेवल्यास वाकताच तो विहिरीत, नाही तर कडब्यात पडतो. कडब्यात पडलेला चाकू कुट्टी यंत्रात गेला तर काय होईल हे यंत्रावर काम करणाऱ्यास सांगणे नको. मुठीला लाल रंग द्यावा अथवा लाल चिंधी बांधावी. कमरपट्ट्याला चामड्याची लहान पिशवी लावून तीत चाकू उभा ठेवणे सर्वांत चांगले. तिचे झाकण बटणाचे असावे.

हळदीच्या कामावर स्त्रिया मोठ्या संख्येने असतात आणि त्यांच्या लुगड्याला वा साडीला खिसा नसतो. कमरेला खोचलेला चाकू ओणव्याने काम करताना पोटात रुततो. पदरात बांधलेला चाकू सोडविण्यास वेळ लागतो. कमरेभोवती नाड्याने बांधावयाची, एका बाजूला चाकूची खोबण शिवलेली जाड कापडी पिशवी घरच्या घरी तयार होते. मुकादमाने अथवा शेतमालकाने ती मजुरांना पुरविल्यास खर्च नाममात्र येईल. चाकूची दोरी मात्र मनगटात अडकवू नये. हातातून सुटलेला उघडा चाकू दोरीला लोंबकळून मांडीवर किंवा गुडघ्यावर येतो. निसटलेला चाकू धरावयास जाऊ नये, पाय मागे घेऊन त्यास पडू द्यावे.

जखम झालीच तर स्वच्छ पाण्याने धुवावी, स्वच्छ फडके घट्ट दाबून धरावे व हात छातीच्या वर उचलावा. हळदीच्या मुलखात जखमेत हळद भरण्याची रीत जुनी आहे. परंतु अंगणात वाळविलेल्या व उघड्यावर दळलेल्या हळदीत मातीचा अंश असतो; शिवाय जखम किती खोल आहे हे वैद्यास दिसेनासे होते. राख, चहाची भुकटी व तंबाखू यांविषयीही तेच. शेण व माती यांच्या सान्निध्यात झालेल्या जखमेत धनुर्वाताचा धोका असतो, म्हणून लशीविषयी आरोग्य केंद्रात त्याच दिवशी विचारावे.

कायद्याची माहिती

शस्त्र अधिनियम, १९५९ यातील शस्त्रांच्या व्याख्येतून केवळ घरगुती अथवा शेतीच्या वापरासाठी बनविलेल्या वस्तू वगळल्या आहेत. त्याखालील नियमांत ९ इंचांहून लांब अथवा २ इंचांहून रुंद पात्यांचा जो उल्लेख आहे, त्यातही घरगुती व शेतीच्या हत्यारांना सूट आहे. वर सांगितलेला ७-८ सेंटिमीटरांचा चाकू या मर्यादेच्या पुष्कळच आत राहतो. तथापि पोलीस अधिनियम, १९५१ याच्या कलम ३७ अन्वये जिल्हा दंडाधिकारी ठराविक काळासाठी सुऱ्या, काठ्या व तत्सम वस्तू सार्वजनिक जागी बाळगण्यास मनाई करू शकतात. निवडणुका, सण-उत्सव अशा प्रसंगी असे आदेश निघतात. महाशिवरात्रीस औंढा नागनाथाच्या जत्रेस जाताना किंवा मोंढ्यातून थेट सभेस जाताना चाकू खिशात राहून गेला, ही सबब पुरत नाही. तो शेतावरील खोपटात, मुलांच्या हाती न लागेल अशा जागी ठेवावा.

जुना चाकू टाकून द्यावा काय

खटक्याचा दात झिजून पारखेत एकदाही सुटला तर तो चाकू घडीचा म्हणून पुन्हा वापरू नये. दातावर ठोकून किंवा सांध्यात पत्र्याचा तुकडा खुपसून काम भागविण्याची युक्ती अनेक जण करतात; ती थोडे दिवस टिकते व नेमकी जोराच्या वेळी फसते. पाते चांगले असल्यास लोहाराकडून मूठ उकलून घ्यावी, टाचेला दुसरे भोक पाडून दोन रिबिटांनी पाते नव्या मुठीत कायमचे बसवावे आणि चांभाराकडून जाड चामड्याचे, तळाशी रिबिट मारलेले म्यान करून घ्यावे. टोचण्याच्या व पिळण्याच्या जड कामांना असा सरळ चाकूच बरा. त्याला मिटण्याचा सांधाच नसतो.